नसलेला पंचम

फाउंड्रीत त्याला सगळे टकटक म्हणत. कामच तसं होतं. ओतून काढलेल्या लोखंडी भागांच्या कडा घासायला ग्राइंडर होते. त्या ग्राइंडरांवर चढणारं प्रत्येक दगडी चाक आधी त्याच्या हातातून जायचं. डाव्या हाताचं बोट चाकाच्या भोकात घालायचं. चाक अधांतरी लोंबू द्यायचं. उजव्या हातातल्या लाकडी हातोडीनं कडेला हलकेच ठोकायचं, आणि डावा कान जवळ न्यायचा. चाक धड असेल तर ते वाजतं, आणि तो सूर जरा वेळ हवेत राहतो. आत बारीकशी चीर असेल तर बद्द आवाज येतो. चीर डोळ्यांना दिसत नाही. ती कानालाच कळते.

चाक वाजलं, की तो त्याच्यावर खडूनं खूण करायचा. खूण नसलेलं चाक कुणी चढवायचं नाही. चिरलेलं चाक वेगात फिरायला लागलं की फुटतं, आणि त्याचे तुकडे माणूस बघत नाहीत. हे तिथं नव्या माणसाला पहिल्या दिवशीच सांगत.

त्याला या कामावर चिकटवलं ते दाजींनी, म्हणजे थोरल्या बहिणीच्या नवऱ्यानं. रांगेतला पहिला ग्राइंडर दाजींचा. दांडगा गडी, कामाला वाघ आणि स्वभावानं घाईचा. जेवतानासुद्धा उभ्या उभ्या जेवायचे. सकाळी कामावर आले, की आधी स्टोअरच्या खिडकीत डोकं घालायचे.

"काय मेव्हणे, लोक डोळ्यांत तेल घालून काम करतात. तुम्ही कानात घाला. माझं डोकं तुमच्या कानावर टांगलेलं आहे."

"म्हणजे वजन काही फारसं नाही," टकटक म्हणायचा.

दाजी इतक्या जोरात हसायचे, की ग्राइंडर चालू असतानाही ते ऐकू यायचं.

टकटकला नाद एकच होता, बँजोचा. घरी आला, हातपाय धुतले, चहा घेतला, की तो बँजो मांडीवर घेऊन बसायचा. जुनाच होता. बटणांवरचा रंग बोटांनी खाऊन टाकलेला. डाव्या हातानं बटणं दाबायची, उजव्या हातातल्या नखीनं तारा छेडायच्या. त्याला दहा-बारा जुनी गाणी पक्की येत होती, तीच तो आलटून पालटून वाजवायचा. बायको पलीकडे भाजी चिरत बसायची. एखादी जागा चुकली, तर तिची सुरी थांबायची. तेवढंच. बोलायची नाही.

टकटकच्या इमारतीत तळमजल्यावर घड्याळवाले काका राहत. त्यांचं दुकानही तेच आणि घरही तेच. एका डोळ्याला भिंग लावून दिवसभर दुसऱ्यांच्या घड्याळांत डोकं खुपसून बसायचे. तेही कधीकाळी बँजो वाजवत. एकदा टकटक मनगटी घड्याळाचा पट्टा बदलायला गेला, तेव्हा भिंग न काढताच ते म्हणाले,

"तेच ते वाजवून तुला कंटाळा येत नाही का रे? आम्हाला आता पाठ झालंय."

"नवं कोण शिकवतंय, काका?"

"शिकवतो की. पण आधी बायकोची परवानगी काढ. ही सुरावट कुणाच्या घरात चालत नाही."

ती सुरावट काकांना त्यांच्या वडिलांकडून आलेली. षड्ज. मग कोमल रिषभ, कोमल गंधार. मग दोन्ही मध्यम, एकाला एक चिकटून. आणि पुढं पंचमाची जागा रिकामी. थेट कोमल धैवतावर उडी, मग कोमल निषाद. पंचम नाहीच. एरवी गाणं दमलं, की जिथं जरा टेकतं तो सूर म्हणजे पंचम. इथं टेकायला काही नाही. त्यामुळं बाजूच्या, नुसत्या साथीला वाजत राहणाऱ्या तारासुद्धा पंचमावरून खाली मध्यमावर उतरवाव्या लागतात.

टकटकचं बोट सवयीनं पंचमाच्या बटणाकडे जायचं. शेवटी त्यानं त्या बटणाखाली आगकाडीचा तुकडा खुपसून ठेवला. आता दाबलं तरी खाली जाईना. दोन मध्यमांचंही तसंच. तो एकाच बोटानं एकावरून दुसऱ्यावर घसरायचा, आणि काका टेबलावर चापट मारायचे.

"घसरू नकोस. दोन बोटं दिली आहेत ना देवानं? घसरलास की नुसतं रडगाणं होतं. पायरी दिसली पाहिजे."

महिनाभर तो ती एवढीशी जागा घोटत होता. सावकाश वर जायचं, सावकाश खाली यायचं. बायकोची सुरी आता चुकल्यावरच नव्हे, मध्येच केव्हाही थांबायला लागली.

"अहो, हे काय लावलंय? कुणीतरी जिना चढत चाललंय आणि वरती दारच नाही, असं वाटतं."

"येईल दार. बस थोडी."

"मला बसवत नाही म्हणून तर सांगतेय."

त्यानं काकांना हे सांगितलं. काका खूश झाले.

"बरोबर बोलली ती. तुझ्यापेक्षा तिला जास्त कळलंय. ऐक, माझे वडील काय म्हणायचे ते. ही सुरावट नीट बसली ना, की न वाजवलेला पंचम आपोआप कानात वाजायला लागतो. तारा थांबल्या तरी तो थांबत नाही. दिवसभर सोबत राहतो. तो आला, की समजायचं सुरावट आपली झाली."

टकटकच्या मनात ते घर करून बसलं. तो रोज शेवटी तळहातानं सगळ्या तारा दाबून धरायचा आणि कान देऊन बसायचा. पलीकडे भांडी वाजायची. रस्त्यावरून गाडी जायची. पंचम यायचा नाही.

मग एका संध्याकाळी तो आला.

तारा तळहाताखाली गप्प होत्या, आणि डाव्या कानात एक बारीक, सरळ, न तुटणारा सूर उभा होता. तो हलला नाही. हललो तर जाईल, असं त्याला वाटलं. गेला नाही. तो तसाच अनवाणी जिना उतरून काकांकडे गेला.

"काका, आला."

काकांनी भिंग काढलं. त्याच्याकडे नीट पाहिलं.

"आला?"

"आत्तासुद्धा आहे. तुमच्याशी बोलतोय तरी आहे."

"नशीबवान आहेस," काका म्हणाले. ते थोडे उदास झाल्यासारखे वाटले. "माझ्या वडिलांना फार आनंद झाला असता."

दुसऱ्या दिवशी सूर कामावरही त्याच्याबरोबर आला. जेवणाच्या सुट्टीत त्यानं दाजींना सांगितलं. दाजींनी उभ्या उभ्याच घास घेतला आणि त्याच्या डाव्या कानाला आपला कान लावून पाहिला.

"मला तर काही ऐकू येत नाही. मेव्हणे, हे संगीत एकट्याएकट्यानं खाताय होय? घरच्यांनाही थोडं ठेवा."

सगळे हसले. टकटकही हसला. तो त्या दिवसांत खरंच सुखात होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याला असं काही आलं होतं, जे आजूबाजूच्या कुणाला येत नव्हतं. हातोडी टेकली, की चाक वाजायचं. छान वाजायचं. लांब वाजायचं. स्टोअरच्या कोपऱ्यात रद्द चाकं टाकायचा एक लोखंडी पिंजरा होता. आधी तो महिन्यातून एकदा भरायचा. आता रिकामाच असायचा.

"माल चांगला यायला लागला की," सुपरवायझर म्हणाला. "नाहीतर तू दरवेळी नाक मुरडायचास."

दाजी गेले ते एका मंगळवारी, सकाळचं काम नुकतंच सुरू झालेलं असताना. नवं चाक चढवलं होतं. त्यावर खडूची खूण होती. ते पूर्ण वेगात आलं, दाजी लोखंड घेऊन पुढे झाले, आणि लोखंड टेकायच्या आतच चाक फुटलं. एक तुकडा दाजींना लागला. दुसरा शेजारच्या ग्राइंडरवरच्या लांब्याच्या कोपरात घुसला. लांब्या उंच, म्हणून लांब्या. तो ओरडत होता. दाजी ओरडले नाहीत.

चौकशीला बाहेरून दोन माणसं आली. टकटकला खुर्ची दिली. पाणी दिलं.

"चाक तपासलं होतं?"

"हो."

"वाजलं होतं?"

"वाजलं होतं. मी माझ्या कानानं ऐकलं."

"मग फुटलं कसं?"

टकटक रडत होता. त्यानं बाहीनं नाक पुसलं. खरं तेच सांगायचं, असं त्यानं ठरवलं होतं.

"दाजींचा हात जड होता, साहेब. चाकाचा नट आवळायला लागले की थांबायचे नाहीत. मी कितीदा सांगायचो, चाकाचाही जीव बघा म्हणून."

नट फार आवळला की चाकाला चीर जाते. हे त्या माणसांना ठाऊक होतं. दाजी घाईचे, हे साऱ्या फाउंड्रीला ठाऊक होतं. ते पटण्यासारखं होतं, म्हणून सगळ्यांना पटलं. टकटकला तर सगळ्यांत आधी.

ताईनं एकदाच विचारलं. "धाकट्या, खरंच त्यांच्या चुकीनं झालं?"

"चूक कशाला म्हणतेस, ताई. स्वभाव."

त्यानंतर ताई नवऱ्याविषयी बोलली, की रागानंच बोलायची. घाई, घाई. कुठं जायचं होतं एवढ्या घाईनं. त्यांच्या बदल्यात फाउंड्रीनं तिला पॅकिंगमध्ये घेतलं. ती काम करायची, घरी जायची, सासूला जेवायला वाढायची. राग होता म्हणून ती उभी होती.

सासूचं वेगळं झालं. ती म्हातारी. ऐकायला कमी. मुलगा स्वतःच्याच चुकीनं गेला एवढं तिला ओरडून ओरडून सांगितलं होतं, आणि त्याच्यापायी लांब्याचा हात कायमचा गेला हेही. लांब्या ताईच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहायचा. एक दिवस म्हातारी कुणाला न सांगता भिंत धरून जिना उतरली. त्याच्या दारात उभी राहिली.

"माझ्या मुलाला माफ करा," ती म्हणाली. "तो लहानपणापासून तसाच होता. मीच वळण लावायला कमी पडले."

लांब्याची बायको तिला आत या म्हणाली. ती आत गेली नाही. हे टकटकला ताईनं सांगितलं. सांगताना ताई भिंतीकडे बघत होती.

काही महिने त्यानं बँजोला हात लावला नाही. मग लावला. तीच सुरावट वाजवायचा. दुसरं काही वाजवावंसं वाटेना. बायकोही आता काही म्हणत नव्हती. घर त्या सुरावटीसारखंच झालं होतं.

एका रविवारी दुपारी बायको म्हणाली,

"अहो, एकदा ते जुनं गाणं वाजवा ना. दाजींना आवडायचं ते. तुम्ही वाजवायला लागलात, की ते टेबल बडवायचे बघा."

त्यानं पंचमाच्या बटणाखालून आगकाडी काढली. तिचा भुगा झाला होता, तो फुंकून टाकला. आता साथीच्या तारा मध्यमावरून परत पंचमावर चढवायच्या होत्या. पंचम तर त्याच्या कानात आयताच होता. बटण दाबून ताडून बघायची गरजच वाटली नाही. त्यानं पहिली खुंटी पिळायला घेतली. तार चढली. कानातला सूर अजून वर होता. आणखी पिळली. तार आणखी चढली. कानातला सूर वरच. खुंटी करकरली.

"अहो, फार वर गेली," बायको म्हणाली.

"कुठं वर. अजून मिळाली नाही."

तार तुटली. सपकन येऊन त्याच्या अंगठ्याला लागली.

त्यानं अंगठा तोंडात धरला. मग दुसऱ्या हातानं पंचमाचं बटण दाबलं आणि मुख्य तार छेडली. पंचम वाजला. खरा पंचम. बऱ्याच वर्षांनी घरी आल्यासारखा, खाली, शांत, ऐसपैस. कानातला सूर तिकडं कुठंतरी वर किंकाळत होता. दोघांचं एकमेकांशी काही नातं नव्हतं. तो पंचम नव्हता. तो कुठलाच सूर नव्हता.

त्यानं तळहातानं तारा दाबल्या. सूर राहिला. त्यानं बोटानं उजवा कान बंद केला.

बायको समोर बसून काहीतरी म्हणत होती. तिचे ओठ हलत होते. तिचा आवाज कापसाच्या गठ्ठ्यापलीकडून आल्यासारखा येत होता, आणि या बाजूला, कानात, नुसती घंटा वाजत होती. लांब वाजत होती. छान वाजत होती.

तो उठून खाली गेला.

"काका, तो पंचम. तुम्हाला ऐकू येतो ना?"

"मला? छे रे बाबा. मला कुठला यायला. वडील म्हणायचे."

"वडिलांना यायचा?"

"म्हणायचे तरी तसं." काकांनी हातातलं घड्याळ खाली ठेवलं. "शेवटी शेवटी त्यांना दुसरं काहीच ऐकू येत नव्हतं. तोफ उडवली असती तरी."

बोलता बोलता ते स्वतःच थांबले. त्यांनी टेबलावरचं एक मोठं जुनं घड्याळ उचललं आणि टकटकच्या उजव्या कानाजवळ धरलं.

"टिकटिक येते?"

"येते."

त्यांनी ते डाव्या कानाला लावलं. नुसतं जवळ नाही, कानाला टेकवूनच. टकटक वाट बघत राहिला.

"लावलंत का, काका?" त्यानं विचारलं.

काकांनी घड्याळ परत जागेवर ठेवलं. ते बराच वेळ ते सरळ करत बसले.

घरी येऊन त्यानं बायकोला सांगितलं. कानात काय आहे ते. केव्हापासून आहे ते. तिनं मनात महिने मोजलेले त्याला दिसले.

"म्हणजे दाजींचं चाक..." ती म्हणाली.

"फुटकंच असणार. मी वाजवलं तेव्हा कान वाजला. चाक नाही."

"नक्की कसं सांगता? हात जड होताच त्यांचा."

"होता. पण पूर्वी माझ्याकडं चिरलेली चाकं निघायची. दर महिन्याला निघायची. मग एकदम थांबली. ती गेली कुठं?"

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"कुणाला सांगायलाच हवं का? ताईंनी कसंबसं सावरलंय. काम जाईल तुमचं. वर लोक काय..."

"उद्या सकाळी तिथं दुसरं कुणी उभं असेल," तो म्हणाला. "माझी खूण असलेल्या चाकासमोर."

तुटलेली तार उचलून तिनं कचऱ्यात टाकली.

सोमवारी तो भोंग्याच्या आधी गेला आणि मशिनं सुरू करू नका म्हणून सुपरवायझरच्या समोर उभा राहिला.

"सगळी चाकं उतरवायची? तुला वेड लागलंय का? माल आज जायचाय."

"मला डाव्या कानानं ऐकू येत नाही, साहेब. बरेच महिने झाले."

सुपरवायझरनं इकडंतिकडं पाहिलं. आवाज उतरवला.

"बरं. मग परत तपासणार कोण? तूच ना? तो उजवा कान लाव."

"मला आता त्याचाही भरवसा नाही. पॅकिंगमधून ताईला बोलवा. तिचा कान चांगला आहे."

कान बाकीच्यांचेही चांगले होते. पण ताईला दुसऱ्या कुठल्या तोंडानं सांगायचं, हे त्याला रात्रभर सुचलं नव्हतं.

ताई हात पुसत आली. माणसं ग्राइंडरपाशी कंटाळून उभी होती. कुणीतरी विचारलं, "आज काय परीक्षा आहे का?" टकटकनं तिला स्टोअरमध्ये नेलं. एक चाक बोटावर टांगलं. ठोकलं.

"काय ऐकू येतं?"

"घंटेसारखं वाजतं."

ते बाजूला ठेवलं. दुसरं घेतलं. तेही वाजलं. असं बराच वेळ चाललं. मग एक चाक आलं. त्यानं ठोकलं. त्याच्या कानात ते इतर सगळ्या चाकांसारखंच वाजलं. उलट जरा जास्तच.

"हे बद्द आहे," ताई म्हणाली.

"नीट ऐक."

"नीटच ऐकलं. फुटक्या मडक्यासारखं आहे. तुला नाही का कळत?"

त्यानं परत ठोकलं. ती परत म्हणाली, बद्द आहे. मग तिनं त्याच्या बोटावरून चाक काढून घेतलं आणि खडूची खूण पाहिली. ती खूण तिला ओळखीची होती. लहानपणी पाटीवर गणित बरोबर आलं की तो तशीच करायचा, शेपूट लांब ओढून.

"ही तुझी आहे," ती म्हणाली.

"हो."

"तुला हे वाजलेलं ऐकू आलं होतं."

"आत्ताही येतंय, ताई."

बाहेर कुणीतरी शिंकलं. ताई चाक हातात धरून उभी होती. ते जड होतं. तिनं ते खाली ठेवलं नाही.

"आणि त्यांच्या चाकावर?"

"त्याच्यावरही माझीच होती."

तिनं मारलं असतं, तर बरं झालं असतं. तिनं चाक त्या रिकाम्या लोखंडी पिंजऱ्यात टाकलं. त्याचे दोन तुकडे झाले. मग ती म्हणाली, "पुढचं दे."

दुपारपर्यंत त्यांनी सगळी चाकं तपासली. ग्राइंडरांवर चढलेलीसुद्धा. पिंजऱ्यात आणखी काही पडली. त्यातलं एक दाजींच्याच जागेवर आता काम करणाऱ्या माणसाचं होतं. तो माणूस पिंजऱ्याजवळ येऊन ते बघून गेला. ताई कामापुरतंच बोलली. वाजलं. बद्द. वाजलं.

शेवटी सुपरवायझरनं टकटकला केबिनमध्ये घेतलं.

"उद्यापासून येऊ नकोस. आणि हे बघ, ते जुनं प्रकरण उकरू नकोस. ते मिटलंय. मेलेल्या माणसाला काय फरक पडतो?"

फाटकाशी ताई उभी होती.

"सासूबाईंना तू सांगायचं," ती म्हणाली. "मी नाही सांगणार. माझ्या तोंडून नको."

"येतो. हात धुऊन येतो."

"असाच चल."

दोघं बरोबर चालत गेली. लांब्याच्या दारावरून जाताना टकटकनं मान खाली घातली. वर म्हातारी खाटेवर बसून फाटक्या उशीला टाके घालत होती. त्याला बघून तिनं सुई उशीत टोचून ठेवली.

"ये. बायको बरी आहे ना?"

"बरी आहे, मावशी. मला काहीतरी सांगायचंय."

"काय?"

"सांगायचंय काहीतरी."

"मोठ्यानं बोल. मला ऐकू येत नाही."

तो तिच्या जवळ गेला. ताई दाराशीच उभी राहिली. तो म्हणाला, दाजींचं चाक आधीच चिरलेलं होतं. म्हातारी त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

"मोठ्यानं."

"दाजींचं चाक आधीच चिरलेलं होतं. मी तपासलं, पण मला कळलं नाही."

"मोठ्यानं बोल रे. ओठ काय हलवतोस?"

आपण केवढ्यानं बोलतोय, हे त्याचं त्यालाही नीट कळत नव्हतं. त्यानं छाती भरून श्वास घेतला आणि ओरडला.

"दाजींची चूक नव्हती. चाक फुटकं होतं. मला ऐकू आलं नाही. माझा कान गेलाय. आणि मी त्यांच्यावर ढकललं."

भिंतीपलीकडचा रेडिओ बंद झाला. जिन्यावर कुणाचं तरी दार उघडलं.

म्हातारीनं मांडीवरची उशी बाजूला ठेवली.

"त्यानं नट आवळला म्हणून नाही?"

"नाही."

"घाई केली म्हणून नाही?"

त्यानं मान हलवली.

"मग मी लांब्याच्या दारात कशाला जाऊन आले?"

म्हातारी भिंत धरून उठली. ताई पुढं झाली, पण तिनं ताईचा हात बाजूला केला. एकेक पाऊल टाकत ती दाराशी गेली आणि अर्धवट उघडं दार तिनं पूर्ण उघडलं. जिन्यावर वरच्या बायका उभ्या होत्या. कठड्यावरून कुणी वाकून बघत होतं.

"परत सांग," म्हातारी म्हणाली.

"मावशी, तुम्हाला आलं ना ऐकू?"

"मला पहिल्या वेळीच आलं होतं. यांना ऐकू दे."

टकटक दारात गेला. त्यानं सांगितलं. सांगून झालं, तेव्हा खालच्या मजल्यावर दार वाजलं आणि लांब्या जिना चढून वर आला. त्याचा डावा हात कोपरात वाकत नव्हता, तो त्यानं अंगाशी धरला होता. तो शेवटच्या पायरीवर थांबला आणि आधी म्हातारीकडं, मग टकटककडं बघू लागला.

"हा आत्ता आलाय," म्हातारी म्हणाली. "याला पहिल्यापासून सांग."